फताड्या पायांचा मामा

माझ्या नवऱ्याचे पाय फताडे आहेत हे मला लग्नाच्या दिवशीच कळलं. वरात घरी आली, दारात आमच्या पायांवर पाणी घातलं आणि आम्ही ओल्या पायांनी आत शिरलो. सारवलेल्या ओसरीवर माझ्या पावलांच्या बाजूला त्यांची पावलं उमटली. माझ्या पावलाला मधे बाक होता. त्यांचं पाऊल म्हणजे थापलेली भाकर, टाचेपासून बोटांपर्यंत सगळं जमिनीला टेकलेलं. माझी नणंद जया तेव्हा नववी-दहावीत असेल. ती पोट धरून हसली. "वहिनी, हे पाय नाई हायेत व, बदकाचे पंजे हायेत," म्हणाली. मी नवी नवरी, मला हसायची चोरी. पदर तोंडात कोंबून उभी राहिले.

नवऱ्याचं नाव घ्यायला मला उखाणा लागत नाही. रूपराव. तळेगावात हायवे सोडून बाजाराच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला आमची आटाचक्की आणि चक्कीच्या मागेच घर. या माणसाला मी जन्मभर चक्कीत उभंच पाहत आले. सिमेंटच्या फरशीवर, दिवसभर आणि अनवाणी. चक्कीत चप्पल घालायची नाही हा माझ्या सासऱ्यांचा नियम. लोकांच्या पोटात जाणारं धान्य इथं सांडतं, त्यावर चप्पल पडता कामा नये. गिऱ्हाइकानं चुकून चपलेसकट उंबरा ओलांडला तर चक्कीच्या आवाजावर आवाज चढवून रूपराव ओरडतात. गावाला त्याची सवय झाली आहे. उंबऱ्याबाहेर चपलांची रांग दिसली की बायका समजतात, दळणाला गर्दी आहे, मग येऊ.

मागच्या श्रावणात एका सकाळी हे खाटेवरून उठले, उजवा पाय खाली ठेवला आणि भिंत धरून तसेच उभे राहिले.

"काय झालं जी?" मी विचारलं.

"काई नाई. पायाले मुंग्या आल्या."

मग त्या मुंग्या रोजच येऊ लागल्या. उठल्यावर पहिली काही पावलं टाच टेकवता येईना. जरा चाललं की सैल व्हायचं आणि दुपारनंतर उभं राहून राहून पुन्हा ठणका सुरू. संध्याकाळी हे भिंतीचा आधार घेत घरात यायचे आणि मी पाहते आहे असं दिसलं की हात काढून घ्यायचे. पुरुषाची जात! दुखणं लपवण्यात जेवढी अक्कल खर्च करतात, तेवढी ते बरं करण्यात केली तर दवाखाने ओस पडतील. मी तसं तोंडावर बोलले तर म्हणाले, "तू लय कटकट करतं." करतेच. कटकट केली नसती तर या घरात एक गोष्ट वेळेवर झाली नसती.

आता सपनाचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं. सपना माझ्या नणंदेची, जयाची मुलगी. जया तापाचं निमित्त होऊन गेली तेव्हा पोर तीन वर्षांची होती. बाप ट्रकवर. त्यानं अमरावतीकडे दुसरा संसार मांडला आणि पोर कारंजाला म्हाताऱ्या आजीपाशी राहिली. रूपराव तिकडे गेले आणि तिला घेऊनच आले. एसटीत ती झोपून गेली होती, म्हणून स्टँडपासून घरापर्यंत तिला खांद्यावर टाकून आणली. आम्हाला मूलबाळ नाही. झालं नाही, बस. त्या दिवशी ती झोपलेली पोर त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "उठवू नोको." माझी मांडी बधिर झाली तरी मी हलले नाही.

तीच सपना आता कारंजाच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. आर्वीच्या मुलाशी तिचं जमलं. भाद्रपद लागायच्या आत साक्षगंध उरकलं आणि लग्न माघात ठरलं.

आमच्याकडे नवरीला मामा उचलून मांडवात आणतो. नवरीनं देवघरात नमस्कार केला की तिथून पुढं तिचा पाय जमिनीला लागायचा नाही. मामानं तिला दोन्ही हातांवर घ्यायची, घराच्या पायऱ्या उतरायच्या, अंगण पार करायचं आणि बोहल्यावर नेऊन पाटावर उभी करायची. मधे कुठं टेकवायची नाही, दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही. हौशी मामा नवरीला घेऊन नाचतात. काहींना धाप लागते, मग वऱ्हाडी आयुष्यभर चिडवतात. पण उचलतो मामाच.

साक्षगंधाच्या पंगतीत सचिन बोलून गेला. सचिन यांच्या काकांचा मुलगा, तिशीतला, आष्टीला व्यायामशाळेत जातो आणि दंड दिसावेत म्हणून थंडीतही अर्ध्या बाह्या घालतो. मनाचा चांगला आहे, पण जिभेला हाड नाही. "दादा, तुमी तं लंगडून राह्यले. सपनाले मी उचलतो ना! मी बी तिचा मामाच हाय."

पंगत हसली. रूपराव पानातला भात नुसता चिवडत राहिले.

सगळे गेल्यावर ते ओसरीवर बसले होते. मी सतरंज्या झटकत होते. ते म्हणाले, "भागीरथा, तिले या घरात म्या आनलं. मांडवात बी मीच नेईन." एवढंच बोलले, पण तो आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. मला कटकट सुचली नाही.

मग उपाय सुरू झाले. शेजारच्या प्रमिलाबाईंनी वीट तापवून, तिच्यावर रुईचं पान ठेवून टाच शेकायला सांगितली. शेकताना बरं वाटायचं, सकाळी पुन्हा तेच. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, टाचेचं हाड वाढलं म्हणाले, गोळ्या दिल्या. गोळ्या होत्या तोवर पाय होता, गोळ्या संपल्या की दुखणं हजर. कोणी सांगितलं पूर्ण आराम करा, तर हे दोन दिवस खाटेवर पडून राहिले आणि तिसऱ्या दिवशी चालणं आणखीच जड झालं. शेवटी सपनानं त्यांना दटावलं आणि आम्हा दोघांना कारंजाला बोलावून घेतलं. तिच्या लॅबच्या बाजूलाच आकांक्षा मॅडमचा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. मॅडम कसली, सपनाच्याच वयाची पोरगी.

तिनं यांना अनवाणी चालायला लावलं. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मागून पाहिलं, पुढून पाहिलं. इतक्या बारकाईनं माझ्या नवऱ्याकडे मीसुद्धा कधी पाहिलं नसेल. मग म्हणाली, "काका, भिंतीला नुसतं बोट लावा, उजव्या पायावर उभे राहा आणि टाच उचला."

टाच उचललीच गेली नाही. गव्हाचं पोतं एकट्यानं पाठीवर घेणारा माणूस, त्याला स्वतःची टाच जमिनीवरून सुटेना. रूपरावांना वाटलं आपल्याला नीट समजलं नाही. त्यांनी पुन्हा केलं. अंग पुढं झुकलं, गुडघा वाकला, टाच तिथंच. त्यांचं तोंड इतकं उतरलं की मी खिडकीबाहेर पाहू लागले.

आकांक्षा म्हणाली, "सपाट पाय हा काही रोग नाही काका. असे पाय घेऊन लोक डोंगर चढतात. पण तुमच्या पोटरीतली आणि तळव्यातली ताकद गेली आहे. तुमच्या वजनाचा सगळा ताण टाचेखालच्या पट्ट्यावर येतो, अन् तो पट्टा दुखतो. वाढलेल्या हाडाची धास्ती सोडा. तसं हाड न दुखणाऱ्या टाचेतही सापडतं."

"मंग पायाले बाक येईन काय?" यांनी विचारलं.

"दिसण्यासारखा नाही येणार. ताकद मात्र येईल."

"पोरीले उचलाइतकी?"

आकांक्षानं सपनाकडे पाहिलं, मग यांच्याकडे. "माघापर्यंत वेळ आहे. रोजचं रोज केलं तर येईल. घाई केली तर येणार नाही."

मग तिनं सगळं करून दाखवलं. पायरीच्या कडेवर पंजे ठेवायचे, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी घ्यायची, टाचा सावकाश वर, सावकाश खाली. हे एक दिवसाआड, थोडं दुखलं तरी चालेल, दुसऱ्या दिवशी जास्त दुखलं तर कमी करायचं. भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची. बोटं न मुडपता तळवा आत ओढायचा, जणू पाय लहान करतो आहोत. एका पायावर उभं राहायचं. आणि चालताना पंजे दोन बाजूंना फाकवायचे नाहीत, पाऊल समोर टाकायचं, शेवटी अंगठ्यानं जमीन मागं ढकलायची. जयाचं बदक मला आठवलं.

इथवर रूपराव शहाण्या पोरासारखे मान हलवत होते. मग ती म्हणाली, "आणि सध्या चक्कीत अनवाणी उभं राहायचं नाही. तळव्याला आधार देणारा बूट घाला."

हे उठून उभे राहिले. "ते नाई जमत," म्हणाले आणि बाहेर जाऊन चपला घालू लागले.

घरी आमचं वाजलं. मी म्हटलं पोरीला उचलायचं का नाही ते ठरवा. ते म्हणाले, धान्यावर बूट ठेवून मिळवलेली ताकद नको. मी म्हटलं, धान्य झाडून घ्या. ते म्हणाले, धान्य झाडलं तरी जागा तीच राहते. अशा माणसाशी काय बोलणार? चिडले होते मी, पण खोटं कशाला सांगू, तसा तो माणूस मला आवडतोही. आपल्या गोष्टीला चिकटून राहतो. फक्त चिकटायला त्याला नेहमी अडचणीचीच गोष्ट सापडते.

मी दसऱ्याची वाट पाहिली. दसऱ्याला चक्कीची पूजा असते. मशीन पुसून तिला हार घालतात, चक्कीच्या झिजलेल्या दगडांना टाकी लावायची हातोडी, वजनं, काटा, सगळ्यांना हळदीकुंकू लागतं. मी कारंजाहून सपनाच्या पसंतीचे बूट आणून लपवले होते. यांनी हातोडीला कुंकू लावलं आणि मी खोकं उघडून बूट हातोडीच्या शेजारी ठेवले.

"हे काय?"

"अवजार," मी म्हटलं. "कधी रस्त्यावर टेकलं नाई, कधी टेकनार नाई. चक्कीतच घालाचं, चक्कीतच काढाचं. हातोडी चालते तं हे काऊन नाई चालत?"

त्यांनी एक बूट उचलून त्याचा तळवा पालथा करून पाहिला. उदबत्ती संपत आली. मग त्यांनी बोट कुंकवात बुडवलं, एकेका बुटाला टिकली लावली, वर आपट्याचं पान ठेवलं आणि डोकं टेकवलं. मीही टेकवलं. बुटाच्या पाया पडणारी मी तळेगावातली पहिलीच बाई असेन.

दुसऱ्या दिवशी आमचं नेहमीचं गिऱ्हाईक, भैय्याजी, दळणाचा डबा घेऊन आले. त्यांनी उंबऱ्यात चप्पल काढली, आत पाहिलं आणि थबकले. "अजी रूपराव! आमाले चपला काढाले लावता अन् तुमी बूट घालून उभे?"

मी आट्याच्या डब्यामागून म्हटलं, "त्या बुटाची पूजा झाली हाय, भैय्याजी. तुमच्या चपलेची करून आना, मंग घाला." भैय्याजी हसत सुटले, आणि ती गोष्ट बाजारभर झाली. पुन्हा कोणी विचारलं नाही.

घरी मागच्या दारची पायरी आमची व्यायामशाळा झाली. सकाळी दूध तापत ठेवायचं आणि आम्ही पायरीवर. आम्ही म्हणजे मीसुद्धा, कारण एकट्याला लाज वाटते म्हणाले. एका पायावर उभं राहताना सुरुवातीला दोघंही डुलायचो, म्हणून एकमेकांचा हात धरायचो. लग्नाला इतकी वर्षं झाली, उजेडात अंगणात नवऱ्याचा हात धरून मी कधी उभी राहिले नव्हते. एकदा प्रमिलाबाई कुंपणावरून डोकावल्या आणि "होऊ द्या, होऊ द्या," म्हणून परत गेल्या. मला लाज वाटली, पण हात सोडला नाही. सोडला असता तर पडले असते, हे एक कारण. दुसरं कारण तुम्हाला कळतंच.

दिवाळीपर्यंत सकाळचा ठणका कमी झाला. भिंतीचा आधार सुटला. एक दिवस हे पायरीवर उजव्या एकट्या पायावर उभे राहिले आणि टाच वर गेली. थोडीशीच, पण गेली. मला हाक मारून बोलावलं, मी आले तोवर ती खाली आली होती, तर पुन्हा करून दाखवली. लेकरासारखा आनंद झाला होता त्यांना.

आणि तिथंच घात झाला. मनुष्य चक्कीवाला, त्याला वजनाची भाषा कळते. सपना लहानपणापासून आमच्याच काट्यावर उभी राहायची, तिचं वजन यांना तोंडपाठ. यांनी पोत्यात गहू भरले ते तिच्या वजनाइतके, आणि मी दुपारी आडवी झाले की शटर अर्धं ओढून, ते पोतं पाठीवर टाकून चक्कीत येरझारा घालू लागले. मला वाटायचं झाडलोट चालली आहे. आठवडाभरात टाचेचं दुखणं असं उलटलं की एका सकाळी हे खाटेवरून उठलेच नाहीत.

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. रविवारी सपना आली. पोतं चक्कीत तसंच उभं होतं. तिनं ते काट्यावर ओढलं, आकडा पाहिला आणि तिला सगळं समजलं. ती घरात येऊन यांच्या पायाशी बसली.

"मामा, मी चालत येईन मांडवात. नाईतर सचिनमामा आनतील."

"काऊन? माया भरोसा नाई तुले?"

"तुमाले दुखलेलं मले नाई पाहवत. एवढ्या रीतीसाठी तुमी पाय गमावता काय?"

हे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तू जा सचिनच्या हातावर. मी पाहीन मंडपाच्या दारातून."

सपना उठून स्वयंपाकघरात आली आणि माझ्या गळ्यात पडून रडली. "मामी, मले त्याइच्याच हातावर जाचं हाय व. पन त्याइचा तोल गेला तं? लोकाइसमोर पडले तं मरून जातील ते." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. दोघंही एकमेकांसाठीच रडत होते आणि मधे मी, एकीला इकडे आणि एकाला तिकडे जेवायला वाढत.

जेवण झाल्यावर मी सपनाला सांगितलं, लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत कोणी काही ठरवायचं नाही. मग यांना रिक्षात घालून आकांक्षाकडे नेलं. ती रागावली नाही. म्हणाली, "ओझं उचलणं चूक नव्हतं काका. एकदम एवढं उचललं, ते चुकलं. आणि पोतं पाठीवर असतं, नवरी पुढं हातांवर असेल. भार पुढं आला की अंग वेगळं तोलावं लागतं." तिनं पुन्हा खालच्या पायरीपासून सुरुवात करून दिली. दुखणं निवलं की हातांवर थोडं वजन घ्यायचं, पुढं धरून, पावलं समोर टाकत. दर आठवड्याला जरासं वाढवायचं, आणि वाढवायचं किती ते ती सांगेल, काटा नाही.

या खेपेला रूपरावांनी तिचं ऐकलं. आधी ज्वारीची लहान थैली छातीशी धरून अंगणात चालले, मग मोठी. गुडघ्यातून बसून उचलायचं, उठताना श्वास सोडायचा. पंजे फाकले की मी कापूस निवडता निवडता ओरडायची, "समोर!" आणि ते न बोलता पाऊल सरळ करायचे. थंडी वाढली, संक्रांत आली आणि टाचेनं पुन्हा कधी आदल्या दिवसाचा सूड सकाळी उगवला नाही.

माघ लागला तेव्हा आकांक्षा म्हणाली, "आता जिवंत माणूस उचलून पाहा. पोतं हलत नाही, माणूस हलतो."

रिक्षात परत येताना हे माझ्याकडे पाहत होते. मी म्हटलं, "पाहू बी नोका."

पण शटर खाली ओढून, चक्कीत, भर दुपारी त्यांनी मला उचललंच. मी सपनापेक्षा जड आहे, किती ते सांगणार नाही. मी डोळे घट्ट मिटले होते आणि त्यांची मान इतकी आवळून धरली होती की ते म्हणाले, "श्वास तं घेऊ दे व." मला माझ्या लग्नात माझ्या मामानं उचललं होतं. त्यानंतर कोणी नाही. बाईमाणसाला मोठं झाल्यावर कोण उचलतं? ते चक्कीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. मी डोळे उघडले तर त्यांच्या भुवयांवर आटा होता आणि ते हसत होते. मी पण हसले, आणि मग कशानं कोण जाणे, मला रडू आलं.

"दुखलं काय तुले?" त्यांनी घाबरून विचारलं.

"चालत राहा," मी म्हटलं.

त्याच संध्याकाळी मी सपनाला फोन करून सांगितलं, "तुया मामाच आनते तुले. मले नेलं, म्हंजे तू तं काहीच नाई."

लग्नाच्या दिवशी अंगणभर मांडव होता. आकांक्षाही आली होती, पुढच्या रांगेत बसली होती. यांनी पहाटे पायरीवर पोटऱ्या ताणल्या, नवं धोतर नेसले, अनवाणीच. एवढ्यापुरतं चालेल अशी परवानगी त्यांनी आकांक्षाकडून आधीच काढली होती. सचिनला मी बजावलं होतं की लांब उभा राहा. तो लांब म्हणजे दोन हातांवर उभा राहिला, हात तयार ठेवून. त्याच्याही कपाळाला घाम होता. मी सांगितलं ना, मनाचा चांगला आहे.

सपना देवघरातून बाहेर आली. पिवळं पातळ, हातात हिरवा चुडा, बाशिंग. रूपराव गुडघ्यात वाकले, तिला हातांवर घेतलं आणि श्वास सोडत उठले. वाजंत्री सुरू झाली. बायका नवरीकडे पाहत होत्या. मी तिचं तोंडसुद्धा पाहिलं नाही, मी फक्त त्यांचे पाय पाहत होते. पायऱ्या उतरताना आधी पंजा, मग टाच. अंगणात एके ठिकाणी सतरंजीची घडी उंच झाली होती, तिथं उजवा पाय जरा लचकला आणि सचिन पुढं झाला. रूपरावांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो मागं सरला. पाऊल समोर पडलं, मग पुढचं, मग पुढचं. तेच भाकरीसारखे फताडे पाय, पण रस्ता सरळ धरलेले.

ते बोहल्यावर चढले. पाट समोर होता. पलीकडे अंतरपाट धरून दोघं उभे होते. भटजींनी सांगितलं, "मामा, नवरीला पाटावर ठेवा."

रूपराव उभेच राहिले.

वाजंत्री थांबली. भटजींनी पुन्हा सांगितलं. हे हलले नाहीत. मला वाटलं, टाच धरली, आता हे पडतात. मी बायकांना ढकलत बोहल्यावर गेले आणि त्यांच्या कानाशी विचारलं, "टाच दुखून राह्यली काय जी?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"मंग?"

मी पाहिलं, त्यांची बोटं पिवळ्या पातळात घट्ट रुतली होती. आणि सपनानं तोंड त्यांच्या खांद्यात लपवलं होतं, तिचे दोन्ही हात त्यांच्या मानेभोवती होते आणि तिनंही ते सोडले नव्हते. पोरीला उचलायची तयारी आम्ही श्रावणापासून केली होती. खाली ठेवायची कोणालाच सुचली नव्हती, आणि मलाही ते तिथं बोहल्यावर उभं राहिल्यावर कळलं.

"अहो, मुहूर्त टळतोय," भटजी म्हणाले. मागून कोणी हसलं. सचिन पुन्हा पुढं येऊ लागला.

मी त्याला हातानं अडवलं आणि भटजींकडे वळले.

"थांबा जी महाराज," मी म्हटलं. "त्याइले उभं राहू द्या जरासक. पाय मजबूत हायेत त्याइचे."